भुंडा पोपट : सह्याद्रीतला उलटा झोपणारा पक्षी

आंबोली, तिळारी किंवा गोव्यातील मोलेच्या रानात काटेसावर आणि पांगारा फुलू लागला, की डोक्यावरून 'ची-ची-ची' असा तीन सुरांचा, घाईघाईत उच्चारलेला आवाज अनेकदा ऐकू येतो. तो काढणारा भुंडा पोपट मात्र सहसा दिसत नाही, कारण तो जेमतेम १४ सेंटीमीटर लांबीचा, साधारण ३० ग्रॅम वजनाचा आणि अंगभर पानांसारखा हिरवा असतो. चोच आणि पाठीचा खालचा भाग तेवढा लालभडक. नराच्या गळ्यावर निळसर डाग असतो, तो मादीच्या गळ्यावर नसतो किंवा अगदी पुसट दिसतो. शेपटी इतकी आखूड, की तिच्या मुळावरची लाल पिसे तिला जवळजवळ झाकून टाकतात.

१७८७ साली स्पारमान या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने वर्णन केलेल्या या जातीचे शास्त्रीय नाव 'लोरिक्युलस व्हर्नालिस' असे आहे. ती सह्याद्रीबरोबरच पूर्व घाटात, ईशान्य भारतात आणि तिथून पुढे आग्नेय आशियातही आढळते. श्रीलंकेत तिच्या जागी लाल टोपी मिरवणारी स्वतंत्र जात आहे. रक्ताच्या नात्याने हे पक्षी आपल्या परिचयाच्या लांब शेपटीच्या पोपटांपेक्षा आफ्रिकेतील लवबर्डना अधिक जवळचे आहेत.

उंबर-वडाची फळे, पेरू आणि बिया हा पक्षी खातो. पण फुलांतील मधुरसाची त्याला विशेष ओढ असते. पांगाऱ्याच्या फुलोऱ्यावर तो पायांनी लोंबकळत, कधी पूर्ण उलटा होऊन चोच आत घालतो, तेव्हा त्याच्या कपाळाला परागकण चिकटतात आणि ते पुढच्या झाडापर्यंत पोहोचतात. फुलोरा संपला की पक्षीही दुसरीकडे सरकतात, त्यामुळे एखाद्या रानात काही आठवडे त्यांची गजबज असते आणि नंतर ते तिथे औषधालाही सापडत नाहीत. ताडीच्या मडक्यांवरही हे पक्षी ताव मारतात आणि झिंगतात, अशी नोंद जुन्या निसर्गनिरीक्षकांनी केली आहे.

रात्री ते वटवाघळासारखे फांदीला उलटे टांगून झोपतात. पोपटांच्या एवढ्या मोठ्या कुळात ही सवय फार थोड्यांना असून पानांच्या गर्दीत असा लोंबणारा हिरवा पक्षी पान म्हणूनच खपून जातो.

प्रसिद्धी झोपेला मिळाली असली, तरी माझ्या मते त्याहून नवलाची गोष्ट विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिलदरम्यान, पाहायला मिळते. मादी पानाच्या कडेला बसून चोचीने ओळीने छिद्रे पाडत जाते, त्यातून एक लांबट पट्टी सुटी होते, आणि ती पट्टी मान वळवून ती आपल्या पाठीच्या खालच्या पिसांत खोचते. अशा बऱ्याच पट्ट्या खोचून झाल्या, की ती ढोलीकडे उडते. वाटेत काही गळून पडतात, उरलेल्या आत अंथरल्या जातात आणि त्यांवर ती बहुधा तीन पांढरी अंडी घालते.

काही लवबर्डही नेमके असेच करतात, तर त्यांच्या काही भाऊबंदांना पट्टी चोचीत धरून नेण्याची सवय असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम डिल्गर यांनी या दोन प्रकारांचा संकर केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातील संकरित पिल्ले मोठी झाल्यावर पट्टी पिसांत खोचू पाहत, पण नीट खोचणे त्यांना जमेना, आणि चोचीतून नेण्याची रीत अंगवळणी पडायला त्यांना काही वर्षे लागली. वर्तनाचा किती भाग उपजत असतो, हे दाखवणारे उदाहरण म्हणून हा प्रयोग आजही शिकवला जातो.

जागतिक पातळीवर ही जात सध्या संकटग्रस्त मानली जात नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिला पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. मात्र हा पक्षी ढोलीत वीण करतो, आणि अशा ढोली असलेले वाळके खोडच सरपणासाठी आधी तोडले जाते.