आधी सांग, मग लिही

पोळा झाला की त्याच आठवड्यात विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या मुलांना ‘पोळा’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगून पाहा. बहुतेक वह्यांत थोड्याफार फरकाने हेच सापडेल: ‘पोळा हा बैलांचा सण आहे. या दिवशी बैलांना सजवतात. घरी पुरणपोळी करतात. मला पोळा खूप आवडतो.’ मग मधल्या सुट्टीत त्याच मुलांचं बोलणं ऐका. ‘आमचा ढवळ्या तोरणाखाली बुजला ना बे! बावाच्या हातचं दावं सुटलं, तं थो सिधा झडत्या म्हणनाऱ्या मामाच्या आंगावर गेला. मंग मामा असा पयला, अन् माइक तसाच चालू!’

(झडत्या म्हणजे पोळ्याला म्हणायची गाणी.) या बोलण्यात माणसं आहेत, क्रम आहे, एकातून दुसरं घडत गेलेलं आहे. वहीत यातलं काहीच नाही. ‘खेड्यातल्या मुलांना कल्पनाच सुचत नाहीत,’ असं आपण सहज म्हणून टाकतो. हे निदान मला साफ चुकीचं वाटतं, आणि गेल्या चार-पाच दशकांतलं लेखनाविषयीचं संशोधनही वेगळंच सांगतं.

एखादं काम करत असताना लागणारी माहिती मन ज्या जागेत धरून ठेवतं, तिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जागा फार लहान असते. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडलं की मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण चारच गोष्टी तिथे धरता येतात. लहान मुलांना त्याहून कमी. आता तिसरीतली मुलगी ‘ढवळ्या’ लिहायला बसते तेव्हा काय होतं ते पाहा. ‘ढ’ आणि ‘ठ’मधला फरक आठवायचा, ‘व’ काढायचा, मग ‘ळ’ अर्धा करून त्याला ‘या’ जोडायचा, वरची रेघ ओढायची आणि हे सगळं दोन रेघांच्या मध्ये बसवायचं. ‘ळ्या’ पुरा होईपर्यंत दावं, मामा आणि माइक डोक्यातून निघून गेलेले असतात. ती मान वर करून विचारते, ‘सर, पुढे काय लिहू?’

बुर्दँ आणि फायोल या फ्रेंच संशोधकांनी 1994 मध्ये हे नेमकं मोजलं. शब्दांची यादी ऐकवायची आणि आठवतील तितके शब्द मुलांनी एकदा तोंडाने सांगायचे, एकदा लिहून. प्राथमिक शाळेतल्या मुलांना लिहिताना कमी शब्द आठवले. मोठ्यांच्या बाबतीत असा तोटा दिसला नाही. पण मोठ्यांनाही सवय नसलेल्या वळणाची अक्षरं काढायला लावली, तेव्हा त्यांचीही आठवण घसरली. म्हणजे हात सरावलेला नसेल तर तो स्मृतीची जागा खातो, मग वय काहीही असो. कॅनडात स्कार्डमालिया आणि बेरायटर यांनी दाखवलं की तीच मुलं लिहिण्याऐवजी तोंडी सांगू लागली की मजकूर बराच लांबतो. आणि लिहून थांबलेल्या मुलाला नुसतं ‘अजून सांग’ म्हटलं तरी त्याच्याकडे अजून असतंच.

आपल्या लिप्यांमध्ये हे ओझं जास्त काळ राहतं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे अक्षरं शिकण्याचं काम चौथीपर्यंत चालूच असल्याचं दिसलं. बाराखडी आणि जोडाक्षरं असलेल्या देवनागरीचं गणितही त्याच जातीचं आहे. म्हणून ‘आधी बाराखडी पक्की होऊ द्या, गोष्टी नंतर’ हा हिशेब बसत नाही. त्यात तीन-चार वर्षं जातात. अमेरिकेत कॉनी ज्यूएल यांनी 54 मुलांचा पहिली ते चौथी असा पाठपुरावा केला (1988). पहिलीत मुलाचं लेखन मुख्यतः त्याला शब्द किती लिहिता येतात यावर ठरत होतं, तर चौथीपर्यंत त्याला सांगायला काय सुचतं याचं वजन वाढत गेलं. सांगण्याची सवय तोवर झालीच नसेल, तर चौथीत सुंदर अक्षर असलेलं मूलही चार कोरड्या वाक्यांवर थांबणार. आपल्याकडे मराठी आणि कन्नड शाळांमध्ये तीन वर्षं चाललेल्या ‘लिरिल’ या भारतीय भाषांमधल्या साक्षरतेविषयीच्या अभ्यासात, ज्यात महाराष्ट्रातला वाडा तालुका होता, लेखनाच्या नावाखाली मुलं प्रामुख्याने फळ्यावरचं उतरवून घेतात असं आढळलं. विदर्भातल्या शिक्षकांना हे वाचून नवल वाटणार नाही.

पण आधी बोलून घेतलं की काम झालं, असंही नाही. बोलणं जसंच्या तसं कागदावर आलं तर ते वाचणाऱ्याला कळत नाही. लेव विगोत्स्की यांनी 1934 मध्येच लिहून ठेवलं की लिखित भाषेत आवाज नसतो आणि समोर ऐकणाराही नसतो, म्हणून ती मुलाला अवघड जाते. ‘थो मामा’ म्हणजे कोणता मामा हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. वाचणाऱ्याला ते सांगावं लागतं. 1960च्या दशकात क्राउस आणि ग्लक्सबर्ग यांनी दोन मुलांच्या मध्ये पडदा ठेवून एकाला विचित्र आकृत्यांचं वर्णन करायला लावलं, दुसऱ्याने ऐकून नेमकी आकृती ओळखायची. लहान मुलांची वर्णनं इतकी स्वतःपुरती होती की समोरच्याला काही उमगेना. वय वाढलं तसं वर्णन सुधारत गेलं.

हा पडद्याचा खेळ विदर्भातल्या मुलींना नवा नाही. भुलाबाईची गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट, कोरडी की ओली, तळलेली की भाजलेली असे प्रश्न सुरू होतात. जिच्या हातात डबा, तिला समोरच्यांना काय दिसत नाही याचं भान ठेवूनच उत्तर द्यावं लागतं. लेखनाला हेच भान लागतं. हा खेळ कोजागिरीपुरता ठेवण्याचं कारण नाही. दप्तरातली एक वस्तू रुमालात झाका, मुलीला तिचं वर्णन करू द्या, वर्गाला ओळखू द्या, आणि मग त्याच वर्णनाची चार वाक्यं लिहायला सांगा.

गोष्टीचंही असंच करता येतं. ढवळ्याची गोष्ट मुलाने आधी शेजारच्याला सांगायची. शेजारी तोरणाजवळ हजर होता, तो काही विचारणार नाही. म्हणून मग तीच गोष्ट पहिलीतल्या किंवा त्या दिवशी गावाला गेलेल्या मुलाला सांगायची. तो विचारतो: ढवळ्या कोन? दावं कसं सुटलं? मामाले लागलं का? या प्रश्नांमुळे गोष्टीतली भोकं बुजतात. लिहायची वेळ आली की पहिलं वाक्य मोठ्याने म्हणायचं, त्यातले शब्द बोटांवर मोजायचे, लिहायचं, पुन्हा पहिल्यापासून वाचायचं आणि मगच दुसरं. बोटांवर मोजण्याचं कारण आहे. बोलताना शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, आणि मुलं ‘दावंसुटलंतंथो’ असं सलग लिहितात. मोजलं की शब्दांमध्ये जागा सुटू लागते, आणि वाक्य लिहून होईपर्यंत ध्यानातही राहतं. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसतात, ही एरवीची अडचण इथे उपयोगी पडते, कारण न ऐकलेला श्रोता तिथेच बसलेला असतो.

ज्यांना अजून लिहिता येत नाही, त्यांचं शिक्षकांनी लिहून घ्यावं. व्हिव्हियन पेली या शिक्षिका शिकागोत हेच करायच्या: मूल गोष्ट सांगे, त्या त्याच्याच शब्दांत उतरवून घेत, आणि मग वर्ग ती गोष्ट करून दाखवी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडार हे लोकनाट्य आणि रात्रभर चालणारी नाटकं पाहत वाढलेल्या मुलांना करून दाखवायला वेगळं शिकवावं लागणार नाही. ऐकून उतरवून घेण्याची रीत या मातीतही जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना विचारून गोळा केल्या, आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या परिसरात ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आकाराला आला. त्यात माणसं बोलतात ती त्या काळच्या बोलीत.

इथेच माझा आग्रह आहे. मूल सांगत असताना ‘मले नाही, मला म्हण’ असं मध्येच टोकू नये. वऱ्हाडीचं प्रमाण मराठी करणं हे आणखी एक काम त्याच चिमुकल्या जागेत कोंबलं की गोष्ट पुन्हा बाहेर ढकलली जाते. पहिला खर्डा बोलीत येऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी, गोष्ट कागदावर सुरक्षित असताना, ‘पुस्तकात हे कसं लिहितात’ हे बघत मुलांनी आपल्याच वाक्यांना हात घालावा. बोलणारं पात्र असेल तर तिथे ‘मले’ तसंच राहावं.

कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या मुलांचं ओझं याच्या कितीतरी पट आहे. कोरकू ही मुंडा कुळातली, बाकीच्या तिन्ही द्राविडी. त्यांचा मराठीशी वऱ्हाडीसारखा सख्खा संबंध नाही. या मुलांना गोष्ट पूर्ण सांगण्याची संधी आधी त्यांच्या भाषेत मिळाली पाहिजे. मराठी शब्द त्यानंतर शोधता येतात. मेळघाटात शिक्षकाला कोरकू येत नसेल, तर गावातली बारावी झालेली एखादी ताई किंवा अंगणवाडीची मदतनीस तेवढ्या अर्ध्या तासासाठी वर्गात येऊन बसू शकते, मुलांचं ऐकू शकते आणि देवनागरीत कोरकू वाक्यं फळ्यावर लिहून देऊ शकते.