पाणी कधी द्यायचं? : सिंचनाच्या चुकत्या वेळेची पार्श्वभूमी

हवामान बदलाच्या चर्चेत सिंचनाचा विषय निघाला की ती 'पाणी वाचवा'पासून सुरू होते आणि ठिबकच्या नळीपाशी थांबते. शेतकऱ्याची खरी पंचाईत वेळेची आहे. पाऊस लांबतो, आला की एकदम कोसळतो, मग ऐन फुलोऱ्यात खंड पडतो. सिंचनाच्या जुन्या व्यवस्था मात्र ऋतू आपली वेळ पाळतील या भरवशावरच उभ्या राहिल्या.

नाईलच्या काठी हे सर्वांत स्पष्ट दिसतं. उन्हाळ्यात पूर यायचा, बांध घातलेल्या सखल शेतांत तो महिना-दीड महिना मुरवायचा आणि पाणी उतरलं की ओल्या गाळात पेरणी करायची. पूर किती चढला हे खांबावरच्या खुणांनी मोजत आणि त्यावरून शेतसारा ठरत असे. कैरोतल्या रोडा बेटावर इ.स. 861 मध्ये बांधलेला असा मापस्तंभ आजही उभा आहे.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या शेतकऱ्यांनी वेगळा विचार केला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. तिथे प्रत्येक कालव्याला नदीच्या प्रवाहातला हिस्सा ठरवून दिला, पाण्याची ठरावीक मात्रा नव्हे. नदी आटली तर प्रत्येकाचं पाणी त्याच प्रमाणात कमी होणार. कुणी दुसऱ्याच्या पाळीचं पाणी वळवलं तर दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांचंच न्यायमंडळ बसतं, तोंडी सुनावणी होते आणि निकाल तिथल्या तिथे. शतकानुशतकं ते चालू आहे. दुष्काळ पडणारच, हे या व्यवस्थेत पहिल्यापासून धरलेलं होतं.

विसाव्या शतकात पंप आले आणि पाळीची गरजच संपल्यासारखं झालं. बटण दाबलं की पाणी. अमेरिकेत फ्रँक झायबाख या शेतकऱ्याने शेतात गोल फिरणारं तुषार यंत्र तयार केलं, 1952 मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे आठ राज्यांखाली पसरलेल्या ओगलाला जलधराचं, म्हणजे जमिनीखालच्या साठ्याचं, पाणी या यंत्रांनी भराभर उपसलं गेलं. त्याच्या दक्षिण भागात पाण्याची पातळी इतकी खाली गेली की काहींना पुन्हा कोरडवाहू शेतीकडे वळावं लागलं.

ठिबकची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: इस्रायली अभियंता सिमचा ब्लास यांना गळक्या नळाजवळ जोमाने वाढलेलं झाड दिसलं आणि 1965 मध्ये हात्झेरिम किबुट्झमध्ये, म्हणजे तिथल्या एका सामूहिक शेतीच्या वसाहतीत, त्याचा व्यवसाय सुरू झाला. तंत्र उत्तमच आहे. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतो किंवा जास्त तहानेचं पीक घेतो. पूर्वी पाटातून झिरपून खालच्या विहिरींना मिळणारं पाणीही बंद होतं. म्हणून शेतातली बचत खोऱ्यात दिसेलच असं नाही. ठिबकच्या नुसत्या अनुदानावर हा प्रश्न सुटेल असं मानणं मला धोक्याचं वाटतं. एकूण उपशाला मर्यादा हवीच.

वेळेचं गणित शास्त्राने तसं उशिराच हाती घेतलं. जमिनीतून आणि पानांतून किती पाणी उडून जातं याचं सूत्र ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी 1948 मध्ये मांडलं. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि अशी तहानलेली हवा जमिनीतलं, पानांतलं पाणी भराभर ओढते. म्हणजे त्याच जमिनीत, त्याच पिकाला पुढची पाळी लवकर द्यावी लागते आणि पंचांग पाहून पाणी देणारा चुकतो. मूठभर माती दाबून वाफसा, म्हणजे जमिनीतली योग्य ओल, ओळखणारा हात इथे अजून उपयोगी आहे. ओलाव्याचे सेन्सर तेच काम आकड्यांत करतात.

भाताच्या खाचरात तर हे डोळ्यांनी पाहता येतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवलेल्या पद्धतीत भोकं पाडलेल्या पाइपचा हातभर तुकडा चिखलात रोवतात आणि आतला चिखल काढून टाकतात. खाचराचं पाणी आटत जातं तसं नळीतलंही उतरतं. ते जमिनीखाली 15 सेंटिमीटरवर गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. फुलोऱ्यात मात्र खाचर भरलेलंच ठेवायचं. वरची जमीन कोरडी दिसली तरी मुळांशी ओल आहे, हे नळीत डोकावल्यावर पटतं. पाणी 30 टक्क्यांपर्यंत वाचतं, आणि मातीला अधूनमधून हवा मिळाल्याने खाचरातून निघणारा मिथेन हा तापमान वाढवणारा वायूही बराच कमी होतो.

लडाखमध्ये वेळेशीच थेट झुंज आहे. पेरणीला एप्रिल-मेमध्ये पाणी लागतं, हिमनदीचं पाणी मात्र जूनपासून वाढतं. तिथले अभियंते चेवांग नोर्फेल यांनी 1987 पासून सावलीच्या उतारांवर दगडी बांध घालून हिवाळ्यातलं वाहून जाणारं पाणी गोठवायला सुरुवात केली. सोनम वांगचुक यांनी 2013 नंतर तेच पाणी वरून नळाने आणून, कारंज्यासारखं उडवून, बर्फाचे उंच सुळके उभे केले. सुळक्याचा थोडाच पृष्ठभाग उन्हात येतो, त्यामुळे आजूबाजूचा बर्फ गेल्यावरही तो ठिबकत राहतो, नेमका पेरणीच्या दिवसांत.