डॉक्टरांना ‘हो’ आणि अ‍ॅपला ‘हो’: ऑनलाइन तपासणीतल्या दोन वेगळ्या संमती

मध्यंतरी आईसाठी व्हिडिओवर डॉक्टरांची वेळ घेतली. अ‍ॅप माझ्या फोनवर, नोंदणी मी केलेली, ‘मी सहमत आहे’ या चौकोनात खूणही मीच केलेली. डॉक्टर पडद्यावर आल्या आणि सगळ्यात आधी म्हणाल्या, “फोन जरा आजींकडे द्या.” मग आईला विचारलं, “आजी, मी तुम्हाला समोर बसवून तपासू शकत नाहीये. असं फोनवर बोलूनच सल्ला दिला तर चालेल ना?” आई म्हणाली, “चालेल की.” डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि मग गुडघ्यांचा विषय निघाला.

मला तेव्हा वाटलं, संमती तर मघाशीच दिली, आता परत कशाला? नंतर नियम वाचले तेव्हा कळलं की मी दिलेली संमती निराळी होती. ती अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला होती, माहितीच्या वापरासाठी. डॉक्टरांना हवी होती ती आईची संमती, दुरून उपचार घेण्यासाठी. दोन्हींना आपण ‘कन्सेंट’ म्हणतो, दोन्ही पाच मिनिटांच्या अंतराने मागितल्या जातात, म्हणून त्या एकच वाटतात. पण एक दिली म्हणून दुसरी दिली असं होत नाही.

आधी डॉक्टर रुग्णाकडून घेतात ती संमती पाहू. भारतात यासाठीचे नियम २५ मार्च २०२० रोजी आले, देशभरातली टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी तेव्हा काम पाहणाऱ्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या साहाय्याने ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ काढल्या आणि डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांना त्या परिशिष्ट म्हणून जोडल्या. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे आचरण-नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले.) या मार्गदर्शक सूचना म्हणतात की ऑनलाइन सल्ला कोणताही असो, रुग्णाची संमती लागतेच. ती गृहीत धरायची की स्पष्ट विचारून घ्यायची, हे एकाच प्रश्नावर ठरतं: सुरुवात कोणी केली?

रुग्णाने स्वतः फोन लावला, स्वतः वेळ घेतली, तर संमती गृहीत धरली जाते. आपण आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन हात पुढे केला की डॉक्टर नाडी बघतात, ‘बघू का?’ असा कागद भरून घेत नाहीत, तसंच हे. पण सुरुवात दुसऱ्या कोणी केली, म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्याने, घरच्या माणसाने किंवा खुद्द डॉक्टरांनी, तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. त्यासाठी छापील फॉर्म लागत नाही. मेसेज, ईमेल, आवाजाची किंवा व्हिडिओची क्लिप, नाहीतर कॉलवर साध्या शब्दांत दिलेला होकार, काहीही चालतं. अट एवढीच की डॉक्टरांनी त्याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत ठेवायची. आईच्या ‘चालेल की’ची नोंद झाली ती यासाठी.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे ऑनलाइन सल्ला घेणारा माणूस आणि फोन हाताळणारा माणूस पुष्कळदा एक नसतो. ई-संजीवनी ही सरकारी सेवा बघा. तिच्या एका प्रकारात रुग्ण आरोग्य केंद्रात येतो, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी कॉल जोडतो आणि पलीकडे मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर असतात. रुग्ण आलेला असतो ताप दाखवायला. आपल्याला पडद्यावरच्या अनोळखी डॉक्टरांशी बोलायचं आहे, हे त्याला तिथे गेल्यावरच कळतं. तो केंद्रात आला म्हणजे व्हिडिओला तयारच आहे, असं धरून चालणं चूक ठरेल. म्हणून तिथे विचारायचं, आणि त्याला समजेल अशा भाषेत विचारायचं. विचारलं जातं तेव्हाच ‘नको, मला डॉक्टरांना समोरच दाखवायचंय’ म्हणण्याची वाट खुली राहते. रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असताना त्याच्यावर ऑनलाइन सल्ल्याचीच सक्ती करणं या सूचनांनी गैरवर्तनात धरलं आहे.

घरच्या माणसाने किती बोलायचं, हेही त्यात आहे. रुग्ण लहान मूल असेल, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे स्वतः बोलू शकत नसेल, तर त्याची काळजी घेणारी व्यक्ती त्याच्या वतीने सल्ला घेऊ शकते. मुलाच्या बाबतीत सोबत मोठं माणूस हवंच आणि त्या माणसाची ओळख डॉक्टरांनी पटवून घ्यायची असते. रुग्ण शुद्धीवर, समजता-उमजता असेल आणि कॉलवर हजर नसेल, तर त्याच्या वतीने बोलणाऱ्याकडे त्याचं अधिकारपत्र किंवा नात्याचा पुरावा हवा. ‘मी मुलगा आहे, मला सगळं माहीत आहे’ एवढं पुरत नाही. आईला काय वाटतं हे आईलाच विचारलं पाहिजे, ही जाणीव मला त्या दिवशी डॉक्टरांनी करून दिली आणि त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे.

या संमतीचा आवाका किती? फक्त दुरून सल्ला घेण्यापुरता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात सांगितलं होतं की तपासणीला दिलेली संमती उपचाराला दिलेली संमती होत नाही. त्या प्रकरणात निदानासाठी भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय, ती बेशुद्ध असताना तिच्या आईला विचारून काढलं गेलं होतं. तातडीचा धोका नसताना आईची संमती मुलीच्या जागी चालणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. हे प्रकरण ऑनलाइनचं नाही, पण तत्त्व इथेही लागू पडतं. व्हिडिओवर बोलायला होकार दिला म्हणून डॉक्टरांनी सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीला होकार मिळत नाही. पुढे शस्त्रक्रिया ठरली तर तिची संमती वेगळी, सगळं समजावून सांगून घेतलेली हवी.

आता अ‍ॅपचा चौकोन. इथे समोर कंपनी असते आणि विषय असतो तुमच्या माहितीचा: नाव, फोन नंबर, रिपोर्टचे फोटो, कोणत्या तक्रारीसाठी कोणाशी बोललात. याची चौकट डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आहे. या कायद्यात ‘गृहीत’ संमतीला जागा नाही. संमती मुक्त, नेमक्या कारणापुरती, माहिती देऊन घेतलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी, आणि माणसाने स्वतःच्या कृतीने दिलेली हवी. आधीच खूण केलेला चौकोन यात बसत नाही. म्हणजे पहिल्या संमतीत फोन लावणं हाच होकार ठरू शकतो. दुसरीत तसं होत नाही, ती मागूनच घ्यावी लागते.

याच कायद्यात संमतीची मर्यादा समजावणारं एक उदाहरण दिलं आहे आणि ते नेमकं टेलिमेडिसिन अ‍ॅपचंच आहे. एक बाई असं अ‍ॅप उतरवून घेते. अ‍ॅप दोन गोष्टींची परवानगी मागतं: सल्ला देण्यासाठी तिची माहिती वापरायची आणि तिच्या फोनमधले सगळे संपर्क बघायचे. ती दोन्हींना होकार देते. तरीही कायदा म्हणतो, तिची संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण वैद्यकीय सल्ला द्यायला फोनमधल्या संपर्कांची गरज पडत नाही. घाईत, दुखण्यात, काळजीत माणूस काहीही दाबतो, हे हा कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं, असं मला हे वाचून वाटलं. शिवाय संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. त्या २२ भाषांत मराठी आहे.

एक खबरदारी मात्र सांगायला हवी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीची मुख्य कलमं तिथून १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर २०११ चे माहिती तंत्रज्ञानाचे नियम आहेत. त्यांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत मोडतात आणि त्या गोळा करायला लेखी संमती लागते.

दोन्ही संमतींची सगळ्यात जास्त गल्लत होते ती मागे घेताना. डॉक्टरांशी बोलणं नकोसं झालं तर कॉल चालू असताना कधीही तसं सांगता येतं. तेवढ्याने सल्ला थांबतो. डॉक्टरही थांबवू शकतात, ‘हे समोर तपासल्याशिवाय जमणार नाही’ म्हणून. पण त्याने अ‍ॅपकडची माहिती जात नाही. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं तरी जात नाही, कारण ती फोनवर नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. तिथली संमती वेगळी मागे घ्यावी लागते, आणि नवा कायदा म्हणतो की ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. उलट, अ‍ॅपची संमती मागे घेतली म्हणून डॉक्टरांनी ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातील असंही नाही. सल्ल्याची नोंद आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत जपणं हे डॉक्टरांचं नियमाने आलेलं काम आहे, आणि जी माहिती ठेवणं कायद्यानेच भाग आहे ती ठेवायला नवा कायदाही मुभा देतो. त्यामुळे पुढे कधी आईचं खातं बंद करायची वेळ आली, तर आधी प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट उतरवून घ्यायचे, मग अ‍ॅपमध्ये संमती मागे घेऊन माहिती पुसायची विनंती करायची, आणि अ‍ॅप फोनवरून काढायचं ते सगळ्यात शेवटी.