प्रूफवर सही करण्याआधी
आमच्याकडे इंग्रजी मजकूर छपाईला देणाऱ्या ग्राहकांसाठी

मागच्या लग्नसराईतली गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घरची पत्रिका आमच्याकडे होती. मराठी पानावर नेहमीचं ‘कृपया आहेर आणू नये’. इंग्रजी पान नवरदेवाच्या मित्राने मोबाइलवरच टाइप करून धाडलेलं. आहेर म्हणजे प्रेझेंट्स; त्याने लिहिलं होतं प्रेझेन्स. कानाला दोन्ही जवळजवळ एकच, पण प्रेझेन्स म्हणजे उपस्थिती. मराठीत आहेर नको आणि इंग्रजीत पाहुणेच नकोत! घरच्या चौघांनी प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, बघून ‘ओके’ लिहून सही केलेली. छपाईच्या प्लेटला पाठवताना आमच्या ऑपरेटर ताईंची नजर पडली म्हणून आठशे पत्रिका वाया जायच्या वाचल्या.

तेव्हाच हे पत्रक काढायचं ठरवलं. इंग्रजी शिकवणं हा आमचा धंदा नाही, आणि आमचं स्वतःचं इंग्रजीही बेताचंच. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी छापता छापता चुका कुठे दबा धरून बसतात ते ठाऊक झालंय. तेवढंच इथे सांगतो.

लाल रेघ आली नाही, म्हणून?

‘मालक, कॉम्प्युटरवर टाइप केलंय. चुकलं असतं तर लाल रेघ आली असती की!’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. लाल रेघ येते ती कोशात नसलेल्या शब्दाखाली. चुकून पडलेला शब्दही खराखुरा इंग्रजी शब्द असला तर कॉम्प्युटर बहुधा गप्प बसतो. नव्या सॉफ्टवेअरला पुढचे-मागचे शब्द बघून शंका घेता येते, हे खरं. पण व्हिजिटिंग कार्डावर वाक्य असतंय कुठे? नाव, हुद्दा, पत्ता, संपलं.

हुद्द्यावरून आठवलं. ‘मॅनेजर’ या शब्दातला दुसरा ‘ए’ गळला की उरलेला शब्दही इंग्रजीत आहे. उच्चार मेंजर, अर्थ गोठ्यातली गव्हाण. एका कार्डावर ‘सेल्स मॅनेजर’ची अशी गव्हाण झाली होती, आणि ज्यांचं कार्ड होतं ते नेमके दूधधंद्यातले. त्याच धंद्यातली दुसरी जोडी डेअरी आणि डायरी. ‘ए-आय’ असं लिहिलं तर दुधाची, ‘आय-ए’ असं लिहिलं तर रोजनिशी. यात तर अक्षरं तीच, फक्त शेजारी बदललेत.

अशी अदलाबदल सगळ्यात वाईट बाधते ती प्रमाणपत्रांत. मर्दानी खेळाच्या शिबिराची प्रमाणपत्रं दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतंच. त्यावर ‘मार्शल आर्ट्स’ हवं: एम-ए-आर-टी-आय-ए-एल. त्यातला ‘टी’ एक घर पुढे सरकला की होतं मॅरिटल, म्हणजे वैवाहिक. दहा वर्षांच्या पोराला लाठी फिरवल्याबद्दल वैवाहिक कलेचं प्रशस्तिपत्र! फुटबॉलवाल्यांनी ‘युनायटेड’ असंच तपासावं. ‘आय’ आणि ‘टी’ उलटे पडले तर ‘अनटाइड’ होतं, म्हणजे गाठ सुटलेलं. पेठेतल्या संघाला ते परवडणारं नाही.

कान फसवतो तेव्हा

शिवाजी उद्यमनगरातून कॅटलॉग येतात तेव्हा आम्ही आधी ‘ब्रेक’ शोधतो. गाडी थांबवणारा ब्रेक बी-आर-ए-के-ई. मोडणं, तुटणं या अर्थाचा ब्रेक बी-आर-ई-ए-के. उच्चार हुबेहूब एकच. एका कारखानदारांच्या ब्रेक ड्रमच्या कॅटलॉगमध्ये सगळीकडे दुसराच ब्रेक होता. आम्ही दाखवलं तर म्हणाले, ‘असू दे की, वाचणाऱ्याला कळतंय!’ इथल्या वाचणाऱ्याला कळतं. पण ते कॅटलॉग परदेशी जाणार होतं, आणि तिकडच्या खरेदीदाराने पहिल्याच पानावर ‘मोडका ड्रम’ वाचला असता. बदललं शेवटी.

फाउंड्रीवाल्यांसाठी आणखी एक: कास्ट आयर्न, म्हणजे बिडाचं लोखंड, यातल्या कास्टला शेवटी ‘ई’ लावू नका. लावलात की लोखंडाला जात चिकटते. आणि दरपत्रक हे ‘प्राइस लिस्ट’ असतं, ‘सी’ने. आपण बोलताना सर्रास ‘प्राइज’ म्हणतो, मग हातही ‘झेड’ लिहून जातो आणि दरपत्रकाची बक्षिसांची यादी होते.

चप्पलवाल्यांचा घोळ वेगळा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. खोक्यावर, टॅगवर इंग्रजी माहिती हवी असते आणि तिथे ‘लेदर सोल’ येतोच. चपलेचा तळ एस-ओ-एल-ई. एस-ओ-यू-एल लिहिलं तर कातडी आत्मा. टाच म्हणजे हील, दोन ‘ई’. ‘ई-ए’ घातलं तर जखम भरून येणं. हाच तळाचा ‘सोल’ एकमेव या अर्थानेही चालतो, म्हणून ‘सोल प्रोप्रायटर’. तिथेही आत्मा घालणारे भेटलेत. मालक स्वतःच दुकानाचा आत्मा असतो हे मान्य, पण कर्जाच्या कागदावर ते चालत नाही.

पिठाच्या गिरण्यांच्या पाट्या तर तुम्ही रोज बघता. एफ-एल-ओ-यू-आर म्हणजे पीठ, एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर म्हणजे फूल, आणि निम्म्या गिरण्या फुलं दळतात. गंमत अशी की मुळात हा एकच शब्द. धान्य दळून-चाळून जो सगळ्यात बारीक, उत्तम भाग हाती येई त्याला इंग्रज त्या दळणाचं ‘फूल’ म्हणत. बराच काळ दोन्ही अर्थांना एकच लिखाण चालायचं, स्पेलिंगं नंतर फुटली. म्हणजे आपले गिरणीवाले तीनशे वर्षं उशिरा आले, एवढंच.

खरं सांगायचं तर या सगळ्या गोंधळात आमच्याच धंद्याचा हात आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तो इंग्लंडमधला पहिला. नेमक्या त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० च्या दरम्यान, इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार सरकत चालले होते. छापणाऱ्यांनी स्पेलिंगं हळूहळू गोठवली आणि बोलणं पुढे निघून गेलं. मांस म्हणजे मीट आणि भेटणं म्हणजेही मीट. तेव्हा त्यांचे उच्चार वेगळे होते, म्हणून एकात ‘ई-ए’ आणि दुसऱ्यात दोन ‘ई’. पुढे उच्चार एक झाले, अक्षरं मागे राहिली. नाइफमधला ‘के’ही पूर्वी उच्चारत असत. आता तो नुसता जागा अडवून बसलाय.

आपला मराठी कान

काही जोड्या इंग्रजांना अगदी वेगळ्या ऐकू येतात, आपल्याला नाही. आपला ‘व’ एकच, त्यांचे दोन. त्यामुळे व्हेस्ट म्हणजे बनियन आणि वेस्ट म्हणजे पश्चिम, बोलताना आपल्याकडे एकच होऊन बसतात. इकारही तसाच. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून आपण भांडतो, बोलताना कितीजण पाळतात? म्हणून शिप आणि शीप, जहाज आणि मेंढी, ऐकून लिहिणाऱ्याकडून हमखास बदलतात.

याउलट एकच अक्षरं आणि दोन उच्चार, हे आपल्याला नवीन नाही. ‘जग’ लिहा. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, लिहायला एक, बोलायला दोन. इंग्रजीत शिसं म्हणजे लेड आणि पुढे नेणं म्हणजे लीड, दोन्ही एल-ई-ए-डी. वडील खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे त्या काळी दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालत. त्यावरून ओळींतल्या अंतराला ‘लेडिंग’ नाव पडलं. आता सगळे ‘लीडिंग वाढवा’ म्हणतात. आम्हीही तसंच म्हणतो.

आकडे मात्र फोनवर इंग्रजीत सांगू नका, ही हात जोडून विनंती. एका ग्राहकांनी फिफ्टीन बिलबुकं सांगितली, आम्ही फिफ्टी ऐकली. पन्नास बुकं बांधून तयार! त्यांनी पंधराच नेली, आणि ते बरोबरच होतं, परत विचारून घेणं आमचं काम होतं. उरलेली पस्तीस माळ्यावर आहेत, पाठकोऱ्या बाजूवर आमचे हिशेब चालतात. इंग्रजीत पंधराचा जोर शेवटच्या ‘टीन’वर आणि तो लांबवायचा, पन्नासचा जोर सुरुवातीला, पण गंगावेशीच्या गर्दीतून आलेल्या फोनवर कुठला जोर कळणार? मराठीत ‘पंधरा’ म्हणा आणि आकडा मेसेजवर टाका. (एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यासाठीही मेसेजच बरा.)

लक्षात ठेवायच्या आमच्या खुणा

इंग्रजी पुस्तकांतल्या युक्त्या आमच्या ध्यानात राहिल्या नाहीत, म्हणून आम्ही घरच्या बनवल्या.

स्टेशनरी दोन. शेवटी ए-आर-वाय असेल तर जागचं न हलणारं: ‘ए’ म्हणजे अचल. कागद-पेनवाली ई-आर-वाय: ‘ई’ एन्व्हलपचा. दुकानाच्या फलकावर पहिली घातलीत तर ‘न हलणारे जनरल स्टोअर्स’ होतं. खरं तर तेही फार चुकीचं नाही. पूर्वी इंग्लंडात फेरीवाले माल घेऊन हिंडत. ज्याचं एका जागी दुकान तो स्टेशनर, आणि तो पुस्तकं, कागद विकायचा. म्हणजे शब्द मुळात जागा न सोडण्यावरूनच आला. लंडनच्या स्टेशनर लोकांच्या मंडळाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली होती.

अफेक्ट आणि इफेक्ट: बाराखडीत अ आधी, इ नंतर. आधी अफेक्ट, म्हणजे परिणाम करणं. नंतर इफेक्ट, म्हणजे झालेला परिणाम. अपवाद आहेत, पण बिलबुकात त्यांची गाठ पडत नाही.

हॉटेलवाल्यांसाठी: जेवणानंतरचं गोड म्हणजे डेझर्ट, त्यात दोन ‘एस’, कारण जिलेबी कधी एक खाल्ली जात नाही. एक ‘एस’ म्हणजे वाळवंट. सूपमध्ये ओ-यू. ओ-ए झालं तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या शेजारी टोमॅटोचा साबण.

लूझ आणि लूस: हरवणं एका ‘ओ’चं, सैल किंवा सुटं दोन ‘ओ’चं. हरवल्यावर एक ‘ओ’ही हरवला, असं समजा. ‘ही पावती हरवू नये’ या ओळीत निम्म्या वेळा दोन ‘ओ’ असतात.

सल्ला (ॲडव्हाइस) आणि परवाना (लायसन्स) यांची खूण एकच: ‘सी’ असेल तर वस्तू, ‘एस’ असेल तर क्रिया. अमेरिकेत परवान्याला दोन्हीकडे ‘एस’च चालतो. माल तिकडे जाणार असेल तर आधी सांगा, कारण तिकडे चेक, ज्वेलरी, सेंटर सगळ्यांचीच स्पेलिंगं वेगळी. एकाच पत्रकात दोन देश नकोत.

गुजरीतल्या सराफांसाठी खास. सोन्याचा कॅरट शुद्धतेचा: २४ पैकी २२ भाग म्हणजे सुमारे ९१.६ टक्के, तोच ९१६ चा शिक्का. हिऱ्याचा कॅरट वजनाचा, २०० मिलिग्रॅम. आपल्याकडे दोन्ही ‘सी’ने सी-ए-आर-ए-टी, अमेरिकेत सोन्याचा ‘के’ने. दोन ‘आर’ आणि मग ‘ओ’ घातलात तर गाजर. आणि सी-ए-आर-ई-टी हा चौथा भाऊ आमचा: प्रूफात राहून गेलेलं अक्षर घुसवायची खूण, मराठीत काकपद. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच ‘उणं आहे’.

आता तुमच्याकडून काय हवं

एकच गोष्ट मोठी आहे. इंग्रजी मजकुरासोबत, एका ओळीत का होईना, त्याचा मराठी अर्थ लिहून द्या. ‘मुख्याध्यापकांचा शिक्का’ एवढं लिहिलंत की प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल हवं हे आम्हालाच कळतं; पी-एल-ई वालं म्हणजे तत्त्व, आणि तत्त्वाचा शिक्का कुठल्याच शाळेला लागत नाही. अक्षरांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी यातल्या अर्ध्या चुका सापडत नाहीत. अर्थ माहीत असला की लगेच सापडतात.

प्रूफ मोबाइलवर बघून पास करू नका, कागदावर घ्या. आम्ही काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. ज्याने मजकूर लिहिला त्याने एकट्याने वाचू नये, कारण त्याला कागदावर नसलेलंही दिसतं. शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेलात तर नजर घसरत नाही. सही झाल्यावर निघालेली चूक तुमच्या मजकुरातली असेल तर नव्या प्लेटचा आणि कागदाचा खर्च तुमच्याकडे. आमच्या सेटिंगमध्ये झाली असेल तर सगळं काम आम्ही पुन्हा छापून देऊ, सही असली तरी.

दुरुस्ती समासात लिहा, काकपद करा, गोल करा, काहीही चालेल. लाल पेन काउंटरवर आहे, दोऱ्याला बांधलेलं. तेवढं मात्र खिशात घालून नेऊ नका.