गाठीच्या कडेची चरबी

स्तनातून काढलेली कॅन्सरची गाठ कापताना सुरी कच्च्या पेरूत शिरल्यासारखी करकरते. मध्ये करडी-पांढरी गाठ, भोवती पिवळीधमक चरबी. ही चरबी म्हणजे नुसतं पॅकिंग, असं बरीच वर्षं धरून चाललं.

सूक्ष्मदर्शकाखाली ती रिकाम्या कड्यांच्या जाळीसारखी दिसते. मेणात बसवण्याआधी तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, तिथं तेल विरघळतं. शरीरात मात्र जवळपास 100 मायक्रॉनचं प्रत्येक कडं तेलाच्या एकाच मोठ्या थेंबानं फुगलेलं असतं. आता स्लाइड गाठीकडे सरकवा. कडी लहान होत जातात, चेपतात, मधे तंतूंची गर्दी वाढते. कर्कपेशींनी शेजाऱ्याची कोठी उघडायला लावलेली असते. चरबीपेशी तेल फोडून मेदाम्लं सोडते, कर्कपेशी ती ओढून घेते आणि जाळते. ग्रॅमला 9 किलोकॅलरी, साखरेच्या दुपटीहून जास्त. शिवाय रिती झालेली चरबीपेशी इंटरल्युकिन-6 सारखे दाह पेटवणारे रेणू सोडते आणि कर्कपेशींना पुढं घुसायला वाट करून देते.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे फारच उघड आहे. पोटात पसरताना तो बहुधा आतड्यांवर पदरासारख्या लोंबणाऱ्या ओमेंटमच्या चरबीवर जाऊन बसतो. 2011 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं, की तिथल्या चरबीपेशी त्याला मेदाम्लं पुरवतात, आणि एफएबीपी-4 हे वाहक प्रथिन नसलेल्या उंदरांत गाठी फारशा वाढत नाहीत.

स्तनात आणखी एक भानगड. पाळी कायमची थांबल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन, म्हणजे स्तनाच्या बऱ्याच गाठींना वाढवणारं स्त्री-संप्रेरक, बनवणं जवळपास सोडतात. ते काम मुख्यतः चरबीतलं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) उरकतं. लठ्ठपणात मरणाऱ्या चरबीपेशींभोवती मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या संरक्षक पेशी, मुकुटासारखे गोळा होतात आणि त्या दाहानं अरोमाटेज आणखी वाढतं. लेट्रोझोलची 2.5 मिलिग्रॅमची गोळी नेमकी यालाच अडवते. नागपुरात कॅन्सर म्हटला की खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आठवतो, आणि आठवायलाच हवा; पण टेपनं कंबरही मोजावी. भारतीय बाईसाठी मर्यादा 80 सेंटिमीटर.

ही गोळी कोणाला द्यायची, ते इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या, म्हणजे कर्कपेशीत इस्ट्रोजेन पकडणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीवर ठरतं, आणि ती तपासणी बिघडवायला हीच चरबी पुरते. तुकडा नासू नये म्हणून वापरायचं फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला सुमारे 1 मिलिमीटर आत शिरतं, चरबीत त्याहून हळू. चंद्रपूर-गडचिरोलीकडून अख्खा स्तन छोट्या बरणीत कोंबून, मे महिन्याच्या 45 अंशांत नागपूरला पाठवला, तर तो बाहेरून पक्का आणि आतून नासलेला निघू शकतो. मग रिसेप्टर असूनही रिपोर्ट निगेटिव्ह. म्हणून काढल्यापासून तासाभरात कडांना शाई लावून मागच्या बाजूनं गाठीपर्यंत चिरा द्याव्यात, फटींत गॉज ठेवावा, तुकड्याच्या दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन ओतावं आणि त्यातला एकूण मुक्काम 6 ते 72 तासांच्या आत ठेवावा. झाकणाची रुंद बादली चालते. अरुंद तोंडाच्या बरणीत मऊ असताना ढकललेला तुकडा कडक झाल्यावर बाहेर येत नाही.