कोलकाता डर्बी : पाठीराखे, मालकी आणि नावाचा प्रश्न

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांमधील लढतीला ‘कोलकाता डर्बी’ म्हणतात. बंगालीत नुसते ‘बडो मॅच’, म्हणजे मोठा सामना, म्हटले तरी पुरते. मोहन बागानचे रंग हिरवा आणि गडद तांबडा, चिन्ह शिडाची होडी. ईस्ट बंगालचे रंग लाल आणि सोनेरी, चिन्ह मशाल. शंभर वर्षांच्या या वैरावर भरपूर लिहिले गेले आहे. या नोंदीचा भर मात्र गेल्या काही वर्षांत पाठीराख्यांनी सर्वांत पोटतिडकीने मांडलेल्या प्रश्नावर आहे : क्लब कोणाचा? पैसे घालणाऱ्याचा, निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांचा, की गॅलरीत बसणाऱ्याचा?

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आयएफए शील्ड या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवले. संघातले अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. गोऱ्या पलटणीचा असा पराभव पाहिल्यावर मोहन बागान हा एक क्लब न राहता देशाचा संघ झाला. २९ जुलै हा ‘मोहन बागान दिन’ म्हणून आजही पाळला जातो. ईस्ट बंगालचा जन्म मानापमानातून झाला. १९२० मध्ये मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला वगळले. ते न पटल्याने क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह १ ऑगस्ट १९२० रोजी नवा क्लब काढला. शैलेश बोस आणि चौधुरी दोघेही पूर्व बंगालचे, म्हणून नावही तेच.

पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. हा भेद फाळणीच्या आधीपासून होता, पण १९४७ नंतर त्याला वेगळीच धार आली. घरदार, शेत, नदी मागे टाकून आलेल्या लाखो कुटुंबांना नव्या शहरात ‘आमचे’ म्हणण्यासारखे फार थोडे उरले होते. लाल-सोनेरी जर्सी त्यातली एक. ईस्ट बंगालच्या पाठीराख्याला क्लबच्या नावाबद्दल बोलताना कंठ का दाटतो, हे यावरून कळावे. ज्या प्रदेशाचे नाव नकाशावरून गेले, ते या क्लबने जपले आहे. १९ जानेवारी २०२० च्या डर्बीत, नागरिकत्व कायद्यावरून देशभर वाद चालू असताना, ईस्ट बंगालच्या गॅलरीतून एक प्रचंड फलक खाली सोडण्यात आला. त्यावरच्या बंगाली ओळीचा अर्थ होता : ही माती रक्त देऊन घेतली आहे, कागद दाखवून नव्हे.

वैराची भाषा स्वयंपाकघरातही पोचलेली आहे. ईस्ट बंगाल जिंकले की घरी इलिश, म्हणजे हिलसा मासा. मोहन बागान जिंकले की चिंगडी, म्हणजे कोळंबी. घोटी घरात सून बांगाल असेल, तर डर्बीच्या दिवशी जेवणाचा बेत काय हा खरोखरीचा प्रश्न असतो. अर्थात आज या जन्मजात वाटण्या पुष्कळ सैल झाल्या आहेत. ऐंशीच्या दशकात ईस्ट बंगालच्या गळ्यातला ताईत असलेल्या इराणच्या जमशीद नासिरी यांचा मुलगा कियान याने २९ जानेवारी २०२२ च्या डर्बीत मोहन बागानच्या बाजूने, तेही बदली खेळाडू म्हणून उतरून, तीन गोल केले!

संघाची लय आणि आठवणींचा हिशेब

पाठीराख्यांच्या बोलण्यात चालू हंगामाइतकेच जुने निकालही ताजे असतात. ईस्ट बंगालवाले १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे कलकत्ता लीग जिंकल्याचे सांगतात आणि १९७५ च्या आयएफए शील्ड अंतिम सामन्यातील ५–० वर येऊन थांबतात. तेवढ्या फरकाचा विजय डर्बीत पुन्हा कोणाला मिळालेला नाही. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ रचनेचा, म्हणजे खेळाडूंच्या हिऱ्याच्या आकारातल्या मांडणीचा, त्या वेळी मोठा गाजावाजा होता. ईस्ट बंगालने ४–१ ने सामना घेतला आणि भायचुंग भुतियाने तीन गोल केले. मोहन बागानवाल्यांकडे उत्तरादाखल १९११ कायम आहेच. मुंबईकरांनाही या संघांची ओळख जुनी आहे : कूपरेजवर होणाऱ्या रोव्हर्स चषकासाठी दोन्ही संघ येत आणि अनेकदा चषक घेऊनच परत जात.

या उत्कटतेची किंमतही मोजावी लागली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर डर्बी चालू असताना गॅलरीत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात १६ ऑगस्ट हा फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात.

सभासद आणि समर्थक

दोन्ही क्लब मुळात सभासदांच्या संस्था आहेत. कोलकात्याच्या ‘मैदान’ नावाच्या मोकळ्या परिसरात त्यांचे ‘तंबू’ आहेत (आता पक्क्या इमारती झाल्या तरी नाव तंबूच), सभासद वर्गणी भरतात, कार्यकारिणीची निवडणूक होते. इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. मत देण्याचा हक्क सभासदाला, समर्थकाला नाही. आणि समर्थक सभासदांच्या कितीतरी पट. कोल्हापुरात तालमीचा संघ पेठेचा असतो आणि पेठेतला प्रत्येक जण तो आपलाच मानतो, यादीत नाव असो-नसो. कोलकात्यातली भावना त्याच जातीची, फक्त तिचा पसारा साऱ्या राज्यभर आणि परदेशातल्या बंगाली वस्त्यांपर्यंत गेलेला.

व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर वर्गणीवर संघ चालणे अशक्य झाले. १९९८ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने दोन्ही क्लबांच्या फुटबॉल कंपन्यांत निम्मा वाटा घेतला. एक संघ मॅकडॉवेल मोहन बागान झाला, दुसरा किंगफिशर ईस्ट बंगाल. दोन कट्टर वैऱ्यांच्या नावांपुढे एकाच घरचे मद्याचे ब्रँड! तरी त्या काळी फार ओरड झाली नाही, कारण नाव नुसते पुढे जोडले होते. संघ, तंबू, पदाधिकारी, सारे जिथल्या तिथे होते.

खरा भडका २०२० मध्ये उडाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) कोलकात्याचा संघ होता अॅटलेटिको दे कोलकाता, पुढे नुसता ‘एटीके’. लाल-पांढऱ्या जर्सीतल्या या संघाने २०१४, २०१६ आणि २०१९–२० असे तीनदा विजेतेपद मिळवले. १६ जानेवारी २०२० रोजी जाहीर झाले की एटीकेचा मालक आरपी-संजीव गोयंका समूह मोहन बागानच्या फुटबॉल विभागात ८० टक्के वाटा घेईल आणि दोन्ही संघ एक होतील. त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्चच्या एकाच आठवड्यात, मोहन बागानने आय-लीग ही दुसरी राष्ट्रीय लीग जिंकली आणि एटीकेने आयएसएल. तेव्हा ज्याला १३० वर्षांचा इतिहास आहे त्याने सहा वर्षांच्या संघात विरघळायचे का, असा सवाल गॅलरीने केला. जुलैत हिरवी-तांबडी जर्सी आणि होडीचे चिन्ह कायम ठेवण्याचा निर्णय झाला, पण नाव ठरले ‘एटीके मोहन बागान’.

त्या तीन अक्षरांवरून तीन वर्षे लढा चालला. ‘रिमूव्ह एटीके’ हे फलक स्टेडियमबाहेर, रस्त्यांवर, फेसबुकवर सगळीकडे दिसू लागले. काहींनी सामन्यांवर बहिष्कार घातला. विरोध पैशाला नव्हता, हे मुद्दाम नोंदवायला हवे. गोयंकांच्या पैशातून रॉय कृष्णासारखे खेळाडू आले, संघ वरच्या क्रमांकावर राहिला, डर्बीमागून डर्बी जिंकत गेला. पण जिंकतोय तो आपला क्लब की दुसऱ्याच कोणाचा, हा सल जात नव्हता. संघ चांगला खेळू लागला की पाठीराखा मालकाचे सगळे माफ करतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

याच काळात करोनामुळे दोन हंगाम पूर्णपणे गोव्यात खेळले गेले. आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी झाली ती २७ नोव्हेंबर २०२० रोजी, वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर. मोहन बागानने ती २–० ने घेतली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात मात्र बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटातल्या गोलने मुंबई सिटीने त्यांना २–१ असे हरवले.

पलीकडच्या तंबूत

ईस्ट बंगालची गोष्ट नेमकी उलटी. क्वेस कॉर्प ही कंपनी गुंतवणूकदार म्हणून २०१८ मध्ये आली आणि २०२० मध्ये गेली. सप्टेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या पुढाकाराने श्री सिमेंट आली, त्यामुळेच ईस्ट बंगालला त्या हंगामात आयएसएलमध्ये खेळता आले. पण अंतिम करारावर सही करायला पदाधिकाऱ्यांनी नकार दिला. क्लबचे हक्क आणि तंबूही हातचे जातील, असे त्यांचे म्हणणे होते. २१ जुलै २०२१ रोजी समर्थक तंबूसमोर जमले. बहुतेकांची मागणी सही करा, संघ वाचवा, अशी होती. पदाधिकाऱ्यांची बाजू घेणारा गटही तिथेच होता. पोलिसांनी लाठीमार केला. स्वतःच्याच क्लबच्या दारात, क्लबच्याच जर्सीत मार खाणारी तरुण मुले पाहणे फार वेदनादायक होते.

एकाच शहरात एका बाजूचे समर्थक गुंतवणूकदाराला म्हणत होते तुझे नाव काढ, आणि दुसऱ्या बाजूचे आपल्याच निवडून आलेल्या मंडळींना म्हणत होते त्याला जाऊ देऊ नका. या फरकाचे कारण गुणतक्त्यात सापडते. २०२१–२२ मध्ये ईस्ट बंगाल अकरा संघांत शेवटचे राहिले, हंगामभरात एकच विजय. हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्याला आधी संघ हवा असतो. नावाची चैन जिंकणाऱ्याला परवडते. आणि तो कितीही नाकारो, त्याची नजर सतत पलीकडच्या तंबूकडे असते : त्यांच्याकडे मालक आहे, आमच्याकडे का नाही? श्री सिमेंट २०२२ मध्ये बाहेर पडली आणि इमामी समूह आला. १२ ऑगस्ट २०२३ रोजी ड्युरँड चषकात नंदकुमारच्या गोलने ईस्ट बंगालने साडेचार वर्षांनी डर्बी जिंकली, तेव्हा साधा साखळी सामना असूनही लोक रडले. जानेवारी २०२४ मध्ये सुपर कप जिंकून त्यांनी २०१२ पासूनचा राष्ट्रीय विजेतेपदाचा दुष्काळ संपवला.

नाव परत

१८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एटीके मोहन बागानने बेंगळुरूला पेनल्टींवर हरवून आयएसएल जिंकली. त्याच रात्री गोयंका यांनी जाहीर केले की पुढच्या हंगामापासून एटीके जाईल आणि संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ म्हणून खेळेल. हे शेपूट पुणेकरांच्या ओळखीचे आहे : आयपीएलमध्ये २०१६ आणि २०१७ असे दोनच हंगाम खेळलेला पुण्याचा संघ याच समूहाचा, आणि दुसऱ्या हंगामात त्याचेही नाव एकवचनीच, ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’. काही समर्थकांना हे शेपूटही नको होते व आजही नको आहे. बहुतेकांनी मात्र जल्लोष केला. ८० टक्क्यांचा वाटा तसाच राहिला. पण एकही शेअर नसलेल्या लोकांनी मालकाला नाव बदलायला लावले, ही भारतीय फुटबॉलमधली दुर्मीळ घटना आहे. त्यानंतर मोहन बागानने २०२३–२४ मध्ये आयएसएल शील्ड आणि २०२४–२५ मध्ये शील्ड व चषक दोन्ही जिंकले (साखळीत अव्वल राहणाऱ्याला शील्ड, बाद फेरी जिंकणाऱ्याला चषक).

१८ ऑगस्ट २०२४ ची ड्युरँड डर्बी रद्द झाली. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवरील अत्याचार व हत्येनंतर शहर पेटले होते, आणि बंदोबस्ताला पुरेसे पोलीस नाहीत असे कारण देण्यात आले. सामना नसतानाही दोन्ही क्लबांचे समर्थक, त्यांच्याबरोबर मोहमेडन स्पोर्टिंग या शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर पावसात एकत्र आले. लाल-सोनेरी आणि हिरवे-तांबडे झेंडे शेजारी शेजारी होते. दोन्ही गॅलऱ्यांचा आवाज एक, अशा अर्थाच्या घोषणा देत त्यांनी न्याय मागितला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, काहींना ताब्यात घेतले.

मालकीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. आशियाई स्पर्धेतल्या सामन्यांसाठी मोहन बागानचा संघ इराणमध्ये २०२४ मध्ये तब्रीझला आणि २०२५ मध्ये इस्फहानला गेला नाही. कारण सुरक्षेचे दिले गेले आणि दोन्ही वेळा संघ स्पर्धेबाहेर झाला. १९११ साली परक्या पलटणीसमोर अनवाणी उतरलेल्या क्लबने सामन्याला जाऊच नये, हे समर्थकांना सहन झाले नाही. संघ दोन्ही किताबांचा विजेता असताना, नाव परत मिळालेले असताना, ते पुन्हा व्यवस्थापनाकडे जाब मागू लागले.