विद्यापीठांतील ओपन ॲक्सेस : धोरणे आणि पैशाची वाट

परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातून १९५५पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या शतकाच्या आरंभीच इंटरनेटवर संपूर्ण आणि मोफत वाचता येऊ लागले. त्यात लिहिणाऱ्याकडूनही तेव्हा शुल्क घेतले जात नव्हते. त्यामागे १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था होती आणि तिचा खर्च बराचसा छापील अंकांच्या वर्गणीतून भागत असे. ओपन ॲक्सेसची, म्हणजे संशोधन कुणालाही इंटरनेटवर मोफत वाचता येण्याची, व्याख्या करणारा बुडापेस्टचा जाहीरनामा आला तो २००२ मध्ये. पुढे २०११ मध्ये ‘वोल्टर्स क्लुवर’ने मेडनो विकत घेतली. लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेणारी ही पद्धत आपल्या सरकारी धोरणकर्त्यांनी कधी गांभीर्याने घेतली नाही, असेच म्हणावे लागते.

धोरण चालले ते सक्ती होती तिथे. पीएच.डी.च्या प्रबंधाची बांधीव प्रत पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून असे आणि ती पाहायची तर तिथे बसून हाताने टिपणे काढावी लागत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी पाठवण्याचे बंधन विद्यापीठांवर घातले, आणि त्यातून ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह भरत गेला. याउलट जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या डिसेंबर २०१४च्या संयुक्त धोरणाने निधी घेणाऱ्यांना आपले शोधनिबंध संस्थेच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवण्यास सांगितले. पण तो संग्रह उभारायला आणि सांभाळायला लागणारा पैसा व माणसे कुठून यायची, हा प्रश्न बहुतेक विद्यापीठांपुढे तसाच राहिला.

दरम्यान मोठ्या प्रकाशकांनी खर्चाचा भार वाचकाकडून लेखकाकडे सरकवला. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०२० मध्ये एक निबंध सर्वांना मोफत खुला ठेवण्यासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले तेव्हा आपल्याकडे कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती दरमहा ३१,००० रुपये होती, म्हणजे दोन वर्षांची सगळी शिष्यवृत्ती ओतली तरी ते शुल्क भरून निघाले नसते. आपल्या पैशावर झालेले संशोधन लगेच सर्वांना खुले व्हावे यासाठी युरोपातील निधीसंस्थांनी २०१८ मध्ये ‘प्लॅन एस’ मांडला. भारताने २०१९च्या सुरुवातीला त्यात रस दाखवला आणि त्याच वर्षी माघारही घेतली.

सरकारी पैशाचा ओघ मात्र वर्गणीकडेच राहिला. विद्यापीठांसाठीची नियतकालिकांची सामाईक खरेदी २०१५ मध्ये ‘ई-शोधसिंधू’त एकत्र आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून वाचायला मिळतात. ही सोय आधी मिळाली ती शासकीय संस्थांना. त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात उघडणारा निबंध त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या पडद्यावर अजून पैसे मागतो, मग तो भारतीय करदात्याच्या पैशावर झालेल्या संशोधनाचा का असेना.